खरवडलेले अक्षर

पंचवटीतल्या एका छोट्या ट्रस्टच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षे एक्स-रे काढले. आमची खोली मागच्या अंगाला होती. खिडकीबाहेर भाजीच्या हातगाड्या लागत. बाहेरून कोथिंबिरीचा आणि आतून फिल्म धुण्याच्या फिक्सरचा आंबट वास येई आणि दोन्हीची इतकी सवय झाली होती, की रविवारी घरी चुकल्यासारखे वाटे. नोकरी मला आवडत होती. तरी त्या नोकरीतली एक गोष्ट इतकी वर्षे मी कुणाला खरी सांगितली नाही. ती इथे सांगतो.

नव्वदच्या दशकात डार्करूममध्ये मदतीला एक बाई आल्या. आधी त्या वॉर्डात आया होत्या. वय चाळिशीच्या आसपास, दहावी पास, राहायला जवळच्याच कॉलनीत, घरी दोन मुले. मला त्या भाऊ म्हणत. फिल्म धुणे आणि वाळत घालणे एवढेच त्यांचे काम. पण मुख्य डॉक्टरांनी सांगितले होते, की शिकून तयार झाल्या तर त्यांना सहायक म्हणून मशीनवर घेऊ. त्यांना ते फार हवे होते.

"दिवसभर लाल दिव्यात उभं राहायचं," त्या म्हणाल्या, "माणसांची नुसती हाडं दिसतात. तोंडं बघायला मिळतील तरी."

मी शिकवायला लागलो. पहिला धडा शरीर उभे करण्याचा. माणूस सरळ उभा, तोंड समोर, हात खाली, तळवे पुढे. माणूस कसाही पडलेला असो, शरीराच्या दिशा सांगताना तो असाच उभा आहे असे धरायचे. आणि उजवे म्हणजे त्याचे उजवे. बघणाऱ्याचे नव्हे. फिल्म दिव्यावर लावली की जणू तो माणूस आपल्याकडे तोंड करून उभा, म्हणून त्याचा डावा हात आपल्या उजव्या हाताला. इथे भले भले गोंधळतात. त्या एकदाही गोंधळल्या नाहीत.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे इंग्रजी शब्द मात्र त्यांच्या डोक्यात बसेनात. प्रॉक्सिमल म्हणजे धडाजवळचे टोक, डिस्टल म्हणजे लांबचे, असे मी चार दिवस सांगत होतो. पाचव्या दिवशी त्याच म्हणाल्या, "म्हणजे हाताच्या हाडाचं कोपराकडचं टोक माहेरचं आणि मनगटाकडचं सासरचं."

"आणि मीडियल, लॅटरल?"

"मधल्या रेघेकडचं ते देव्हाऱ्याकडचं. कडेचं ते ओट्याकडचं. घर एकच, भाऊ. नावं तेवढी तुमच्या डॉक्टरांनी अवघड ठेवलीत."

त्यानंतर 'डिस्टल रेडियस'ची चिठ्ठी आली की त्या हळूच "सासर" म्हणत आणि फिल्मची कॅसेट बरोबर मनगटाखाली सरकवत. वर्षभरात त्या छातीची फिल्म एकट्याने घेऊ लागल्या. मी फक्त बटण दाबायचो.

एका सकाळी सायखेड्याकडचे एक जोडपे आले. फुलांची शेती करणारे. बाईंना खोकला होता. "लय दिस झाले, जात नाय," नवरा म्हणाला. मी चहाला गेलो होतो. परत आलो तेव्हा डार्करूमच्या बाईंनी त्यांना कॅसेटला छाती टेकवून उभे केले होते, हनुवटी वर, हात कमरेवर. डाव्या खांद्याच्या बाजूला शिशाचे 'एल' अक्षर, म्हणजे मार्कर, चिकटवले होते. हे अक्षर फिल्मवर पांढरे उमटते आणि डावी बाजू कोणती ते त्यावरूनच कळते. मी बटण दाबले.

ओली फिल्म मी दिव्यावर धरली आणि हृदय 'एल'च्या उलट बाजूला दिसले. हृदय डावीकडे असते. तेव्हा अक्षर चुकले, असे माझ्या मनाने क्षणात ठरवले. त्याच वेळी मुख्य डॉक्टर फिल्म मागायला दारात येऊन उभे.

"काय झालं?" त्यांनी विचारले.

"बाईंनी मार्कर उलटा लावला," मी म्हणालो.

"नाही भाऊ, त्यांच्या डाव्या खांद्यालाच लावला होता," त्या म्हणाल्या.

"मग हृदय काय उजवीकडे सरकलं?"

डॉक्टर हसले. त्या हसल्या नाहीत. "मी हात लावून बघितला होता खांदा," त्या पुन्हा म्हणाल्या. "बाई बाहेर बाकावर आहेत. बोलावून बघू ना."

बाक दहा पावलांवर होता. पण डॉक्टरांसमोर शिकाऊ बाईंनी मला तपासायला लावावे, हे मला झेपले नाही. मी ब्लेडने 'एल' खरवडला, तिथे कागदाची पट्टी चिकटवून 'आर' लिहिला आणि फिल्म देऊन टाकली. रजिस्टरमध्ये लिहिले, 'मार्कर चुकीचा, डार्करूम मदतनीस यांची चूक.' मशीनवर घेण्याची गोष्ट तिथेच थांबली. डॉक्टर म्हणाले, डावे-उजवे कळत नसेल तर जोखीम नको.

त्या दिवसापासून त्या मला साहेब म्हणू लागल्या. काम पूर्वीसारखेच नीट करत. पण वाळलेली फिल्म पाकिटात घालण्याआधी ती कितीतरी वेळ दिव्यावर धरून ठेवत. आधी असे करत नसत. मी ते बघत होतो.

तीन वर्षांनी फुलांच्या शेतीवाल्या त्याच बाई पोटात दुखते म्हणून आल्या. दुखणे डावीकडे, खाली. आमच्या नव्या सर्जननी छातीला स्टेथोस्कोप लावला, सरकवला, परत लावला. मग सोनोग्राफी झाली. बाईंचे हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, अपेंडिक्सही डावीकडे. सगळे आरशात बघितल्यासारखे. अशी माणसे जन्मतःच असतात आणि धडधाकट जगतात. मी हे शिकलेलो होतो. नुसते पुस्तकात शिकलेलो होतो. अपेंडिक्सचे ऑपरेशन चांगले झाले. चौथ्या दिवशी बाई कॉटवर बसून हसत होत्या. "माझं काळीज उलट्या बाजूला हाय म्हनं. आमचे हे म्हन्तात, तरीच इतकी वर्सं तुझा अंदाज लागला नाय."

सर्जननी जुनी फिल्म मागवली आणि पट्टीवर बोट ठेवून विचारले, "ही कोणी लावली?"

मी म्हणालो, "जुनी फिल्म आहे, आठवत नाही."

मला सगळे आठवत होते. पहिली चूक गडबडीत झाली असे एक वेळ म्हणता येईल. ही दुसरी मी शुद्धीत केली.

संध्याकाळी डार्करूमच्या बाई माझ्यापाशी आल्या. "साहेब, त्यांचं हृदय उजवीकडेच होतं ना?"

"हो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मला वाटत होतं, माझाच हात फसला."

पुढच्या आठवड्यात मी मुख्य डॉक्टरांना सांगितले, की बाई आता तयार आहेत, त्यांना मशीनवर घ्या. का थांबवले होते आणि चूक कुणाची होती, ते सांगितले नाही. डॉक्टरांनी घेतले. त्यानंतरची दहा-बारा वर्षे आमच्या खोलीतली सर्वांत सुखाची. म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांशी त्या गप्पा मारत कॅसेट लावत. हालल्यामुळे फुकट गेलेली फिल्म त्यांच्या हातून क्वचितच निघे. मला मात्र साहेबच म्हणत राहिल्या.

दोघेही निवृत्त झाल्यावर एक दिवस मी कॉलनीत त्यांच्या घरी गेलो. मोठ्या सुनेने चहा ठेवला. मी सगळे सांगितले, रजिस्टरमधल्या ओळीसकट.

"पट्टीचं काय सांगता? मीच तर ती फिल्म पाकिटात घातली," त्या म्हणाल्या. "रजिस्टरमध्ये चूक माझ्यावर घातलीत ते नव्हतं माहीत." मग म्हणाल्या, "तोंडी नको. लिहून द्या. सुनेला वाटतं, मला उशिरा घेतलं ते मी शिकायला मंद होते म्हणून."

म्हणून हे लिहिले. मार्कर बरोबर होता, नजर माझी चुकली, आणि त्यांची तीन वर्षे माझ्यामुळे अंधारात गेली. इथपर्यंत लिहिलेला कागद त्यांना वाचायला नेऊन दिला. चष्मा लावून त्यांनी शेवटपर्यंत वाचला, मग मागे जाऊन एका जागी बोट ठेवले.

"मी दोनदा सांगितलं असं लिहिलंय तुम्ही. तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा, तुमच्या हातात ब्लेड होतं तेव्हा. थांबा म्हणाले होते मी, भाऊ."

मला ते खरोखरच आठवत नव्हते. पण त्यांच्या सांगण्यावर आता मी शंका घेणार नाही. तीनदा.