माझा बंटी

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे. मी नर्स. अकोल्यात बाळंतिणींच्या वॉर्डात केस पिकले माझे. बाळाला अंगाशी कसं घ्यायचं, छातीशी कधी लावायचं, हे झोपेतही दाखवीन. कामात खोट नव्हती. खोट होती ती — थांबा, सांगते.

पातूरची एक पहिलटकरीण. दूध येईना, पोरगं रडून लालबुंद, सासू पावडरच्या दुधाचा डबा घेऊन उशाशी उभी. मी धीर देत होते, तर पोरगी फाडकन म्हणाली, "तुमी पाजलं काय कोनाले? मंग तुमाले काय समजते!"

सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. माझं लग्नच झालेलं नव्हतं — आजही नाही.

"पाजलं ना! माह्या बंटीले! मलेबी सुरुवातीले येत नव्हतं. लाव त्याले पुन्हा."

बंटी हे आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं नाव. घाईत तेवढंच सुचलं. पण पोरगी हसली, सैलावली, बाळ चुटुचुटु प्यायला लागलं. सासूनं डबा पिशवीत घातला. आता सांगा, इतकं कामाला येणारं खोटं सुटतं का?

मग काय, प्रत्येक रडवेल्या आईला बंटी सांगितला. त्याला दात आले, तो शाळेत गेला. अंजनगाव सुर्जीच्या एकीनं त्याला स्वेटर विणून पाठवलं. नापास मात्र मी त्याला कधी केलं नाही — आईचं काळीज!

पण एकीला खरंच दूध पुरेना. सगळं करून पाहिलं, शेवटी डॉक्टरांनीच वरचं दूध सुरू केलं. ती मला म्हणाली, "तुमच्या बंटीले पुरलं, माह्याच लेकराले काहून नाई? मीच खराब माय आहो का?"

तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं ना? मी तिची उशी सारखी करत राहिले. मला बंटी सोडवेना. ती तशीच रडत घरी गेली.

परवा ती पातूरची आपल्या बहिणीच्या बाळंतपणाला आली. "बंटी काय करून राह्यला जी आता?"

"बारावी पास झाला," मी म्हणाले.

ती धावत जाऊन पेढे घेऊन आली. वॉर्डभर वाटले, आणि उरलेले "बंटीले द्या" म्हणून माझ्या हातात ठेवले. मी घेतले.

घरी येऊन एक खाल्ला. दुसरा बशीत काढून झाकून ठेवला.