हज्जानांना हवं असलेलं नाव

खामगावात आम्हा बेने इस्राएल लोकांची जेमतेम पाच-सहा घरं होती. कोणी रेल्वेत, कोणी पोस्टात. माझा नवरा जिनिंगमध्ये फिटर. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी लग्न होऊन कोकणातून तिथं आले होते. कापसाच्या बाजारामागं एक खोली भाड्यानं घेतलेली होती. तिला आम्ही मशीद म्हणायचो, कारण आमच्यात प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणतात. सणासाठी तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, पोथी मुंबईहून यायची. एरवी सगळा कारभार हज्जानांच्या हाती होता. प्रार्थना तेच चालवायचे, शुक्रवारी कोंबडी तेच कापायचे आणि रविवारी मुलांना हिब्रूही तेच शिकवायचे.

कोंबडी कापण्याआधी ते सुरीची धार नखावरून फिरवून बघत. बारीकशी खाच लागली तरी सुरी बाजूला ठेवत. जनावराला त्रास होता कामा नये, असा आमचा नियम. त्याच हातानं ते मुलांना जिनिंगच्या यंत्राच्या चामडी पट्ट्यानं मारत, हे आम्हाला माहीत नव्हतं. मुलांच्या अंगावर वळ दिसत, पण शिकताना मार बसायचाच, असं सगळेच म्हणत.

मला ते सांगितलं हज्जानांच्या बायकोनं. आमच्या शेजारी माळ्याचं घर होतं, मागं त्यांचा भाजीचा मळा. ती तिथं वांगी घ्यायला येई. त्या दिवशी तिनं मला विहिरीच्या आडोशाला ओढलं आणि बोलत सुटली. जलंब स्टेशनवरच्या आमच्यातल्या सिग्नलवाल्याचा धाकटा मुलगा अक्षर चुकला, तेव्हा हज्जानांनी पट्ट्याच्या लोखंडी जोडानं त्याच्या कानावर मारलं होतं. पोर पडलं, तरी मारतच राहिले. कानातून रक्त आलं. मग दार लावून त्यांनी बायकोकडून फरशी राखेनं घासून घेतली, आणि पोराच्या बापाला सांगितलं की पोरगा पायरीवरून पडला.

"पोरगा आता एका कानानं ऐकत नाही," ती म्हणाली. "दुसरा कान जायच्या आत कोणालातरी सांगा, वहिनी. पण माझं नाव घेऊ नका. ते मला जिवंत ठेवायचे नाहीत."

तिनं पदर सारून दंड दाखवला. ती उगाच घाबरत नव्हती, हे मला कळलं.

दारफाळणीच्या सणाला, म्हणजे आमच्या मोठ्या उपासाला, मुंबईहून पोथी घेऊन एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांचा शब्द सगळी घरं मानत. उपास सुटल्यावर मी त्यांना पाणी द्यायला गेले आणि सगळं सांगितलं.

"तू स्वतः पाहिलंस?"

"नाही. जिनं पाहिलं तिचं नाव देणार नाही."

"मलाही देऊ नकोस," ते म्हणाले. "म्हातारं तोंड आहे. सुटून जाईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेका मुलाला त्याच्या आईपाशी बसवून विचारलं. मुलं आधी गप्प होती. एक रडायला लागलं, मग सगळीच बोलली. म्हाताऱ्यांनी हज्जानांना लोकांसमोर उभं केलं आणि शिकवणं आणि प्रार्थना, दोन्ही त्यांच्याकडून काढून घेतलं. पण रागाच्या भरात ते बोलून गेले, "पोराचं रक्त राखेनं घासता आणि वर देवापुढं उभे राहता?"

राखेचं कुठल्याच मुलाला माहीत नव्हतं. हज्जानांनी मान वळवून बायकांच्या बाजूला पाहिलं.

म्हातारे गाडीत बसून गेले आणि त्याच दुपारी हज्जान आमच्या घरी आले. नवरा कामावर होता. बायकोला त्यांनी दंडाला धरून आणलं होतं. तिचा ओठ फुटलेला होता.

"म्हाताऱ्याशी तूच बोललीस, हे मला कळलंय," ते म्हणाले. "तुला कोणी सांगितलं, तेवढं बोल." मग बायकोला ढकललं. "विचार तिला."

ती माझ्यासमोर उभी राहिली. "सांगा ना वहिनी," ती म्हणाली, "कोण ती?"

हज्जान माझ्याकडे पाहतच नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मी क्षणभर जरी अडखळले असते, तरी तिचं काही खरं नव्हतं.

"कोणी नाही. मीच पाहिलं," मी म्हणाले. "बाजारातून येताना, खिडकीतून. राख पसरलेलीसुद्धा पाहिली."

त्यांनी माझे केस धरून डोकं चौकटीवर आपटलं. मी सावरायला चौकट धरली, तेव्हा दार ओढून माझी बोटं त्यात चेचली. एकदा, आणि मग पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज मला दुखण्याच्या आधी ऐकू आला. त्यांची बायको भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडात कोंबून. ती रडली असती तरी संपलं असतं. ती रडली नाही.

शेजारची माळीण विळा घेऊनच आली. "काऊन मारून राह्यला बे तिले?" तिनं विचारलं, अगदी हळू आवाजात. "सोड. नाही तं हा हात इथंच ठेवून जाशील."

हज्जानांनी तिला हिसडा मारायला हात उचलला. तिनं खरंच विळा चालवला. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांची बाही लाल झाली. मग ते गेले, बायकोला पुढं घालून.

नवरा आला, माझा हात पाहिला, डॉक्टरकडे नेलं. वाटेत मी त्यालाही खिडकीचंच सांगितलं. परत आल्यावर म्हणाला, "त्या खोलीची खिडकी माझ्या डोक्याच्याही वर आहे. तू कसं पाहिलंस? कोणी सांगितलं तुला?"

मी पट्टी बांधलेला हात पदराखाली घेतला.

"माझ्यापाशीही नाही?" त्यानं थोबाडीत मारली. नंतर तो बराच वेळ पायरीवर बसून होता. त्या एका दिवसात दोन पुरुषांनी मला मारलं, आणि दोघांना एकच नाव हवं होतं.

हज्जानांना मात्र सिग्नलवाल्यानं गाठलं. स्टेशनाबाहेर, भर लोकांत, हिरव्या-तांबड्या झेंड्यांच्या दांड्यानं त्यानं त्यांना खाली पाडलं आणि दांडा मोडल्यावर बुटानं मारत राहिला. हमालांनी सोडवलं तेव्हा जबडा निखळलेला होता. बोलता येत नव्हतं. मला समजलं तेव्हा मी चुलीपाशी बसले होते, आणि मला बरं वाटलं.

मुंबईच्या म्हाताऱ्यांनी निरोप धाडला की हज्जानांना दवाखान्यासाठी मुंबईला आणा, बायकोला तोवर तिच्या भावाकडे पेणला पाठवा. मला कोणी सांगितलं याचा त्यांना कितपत अंदाज होता, मी कधी विचारलं नाही. पेणला गेलेली ती बाई पुन्हा नवऱ्याकडे नांदायला गेली नाही. भावाच्या घरी शिवणकाम करून राहिली.

खोली पुढं एका सरकीच्या दलालानं घेतली. एकेक घर मुंबईला गेलं, काही इस्राएलला. पोराचा कान बरा झाला नाही, माझी दोन बोटं वळत नाहीत.

ती मला एकदाच भेटली, ठाण्याला एका लग्नात. दोघी म्हाताऱ्या झालो होतो. हज्जान वारल्याचं तिनंच सांगितलं.

"शेवटपर्यंत तुम्हालाच शिव्या देत होते, म्हणे," ती म्हणाली.

"देऊ दे," मी म्हणाले.

माझा नवरा जवळच जेवत होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, थोडा वेळ पाहतच राहिला, आणि पुन्हा जेवायला लागला. घरी येताना त्यानं ते नाव पुन्हा विचारलं नाही.