कोंडाजीकाकांचा मोडलेला सोमवार

पोफळीवर चढणारा माणूस कधी पाहिलाय का तुम्ही? नारळावर चढणारा नाही हं, नारळ म्हणजे काय, खांबच. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. मांडीएवढं जाड, देवळाच्या कळसापेक्षा उंच आणि वारा नसतानाही हलणारं. पायात दोराचा फास अडकवून माणूस सरसर वर जातो, घड कापतो, आणि मग खाली येतच नाही! शेंडा हलवतो, झोका घेतो आणि शेजारच्या पोफळीला मिठी मारतो. तिथून पुढच्या. अशी आख्खी वाडी वरच्या वर.

आमच्या चौलात असा एकच होता, आमच्या शेजारचे कोंडाजीकाका. स्वातंत्र्य आलं त्या दिवशी भर पावसात, ओल्या झाडावर, कमरेला झेंडा बांधून ते वर गेले आणि झेंडा लावून झोके घेत घेत दुसऱ्या टोकाला उतरले. मी तेव्हा लहान, आईच्या कडेवर. पण ऐकून ऐकून मला वाटतं मी पाहिलंच ते.

मग काका मुंबईला गेले. मेव्हण्याची लालबागला खानावळ होती, तिथे भजी तळायला. तळायची, चाखायची, उरलेली पावात घालून खायची. बारा-तेरा वर्षं! गेल्या वर्षी परत आले तेव्हा आधी पोट आलं आणि मग काका आले, असं आमचे लोक सांगतात. मी विचारलं होतं, "काका, मुंबई सोडलीत का?" तर म्हणाले, "शके, तिथं वर बघितलं का छप्पर. काय करायचं वर बघून?"

माघात ते हौसेने पोफळीवर चढले. अर्ध्यावर झाड वाकलं आणि कर्रर्र असा आवाज आला. काका तसेच खाली सरकले. चेहरा पांढरा. वाडीची मालकीण आवडाबाई, मोठी फटकळ बाई, विधवा झाल्यापासून एकटीने वाडी सांभाळते. ती म्हणाली, "पोफळ मोडली तर माझी मोडंल आन् तू मोडलास तर तुझ्या बायकोचं, सगुणाचं वाटोळं. दिवाळीला सुपारी उतरवायची हाय. तवर हलका हो, नायतर मी चढाया नागावच्या धर्माजीला बोलावते. तवर रहाट हाक."

म्हणजे बघा, ज्या माणसाने वाडी वरून पाहिली तो आता विहिरीभोवती बैलामागे गोल गोल.

हलकं व्हायचं म्हणजे काय करायचं? काकांना एकच गोष्ट माहीत, उपास. देवळात रामेश्वरासमोर उभे राहून बोलले, सोमवारपासून भात बंद, गोड बंद, दोन वेळेला एक एक भाकरी. आणि पाळायचे हो! असे पाळायचे की सगुणाकाकी रडकुंडीला यायची. पण उपासाचं कसं असतं, एक शीत पोटात गेलं की मोडला. आणि मोडला की काकांच्या हिशोबी सगळंच संपलं. मग पुढच्या सोमवारपर्यंत मोकळं रान, भात काय, घावन काय, बोंबलाचं कालवण काय! जणू सोमवारी जगबुडी. मग परत रामेश्वर, परत बोलणं, परत मोडणं. पोट कमी व्हायचं सोडून वाढलंच. एकदा तर करगोटा तुटला, जेवता जेवता, ताडकन!

गावात म्हणच पडली. कुणी काम पुढे ढकललं की म्हणायचे, "हा काय कोंडाजीचा सोमवार हाय काय?"

मी मे महिन्याच्या सुट्टीत अलिबागच्या शाळेतून घरी आले तेव्हा काकांच्या दोस्ताच्या, भिकूच्या पोरीचं, काशीचं लग्न होतं. काकांचा उपास चालू होता आणि चांगला चालला होता, तोंड उतरलं होतं त्यांचं. पंगतीत भिकू लाडू घेऊन आला.

"घे रं एक. पोरीचं लग्न हाय माझ्या."

"नको भिकू. बोललोय देवाला."

"म्हंजे माझ्या पोरीला आशीर्वाद न्हाय?"

 काकांनी लाडू तोंडात टाकला. आणि मी समोरच बसले होते म्हणून सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. सुटका होती! शाळेला अचानक सुट्टी मिळाली की पोरांचा होतो ना, तसा चेहरा. म्हणाले, "मोडला तो मोडला, आण परात." परात रिकामी होईपर्यंत लाडू चालले, वर भात, वर परत लाडू. वाढपी हसून हसून बेजार. भिकू ओरडला, "एकादशी आन् दुप्पट खाशी!" सगळी पंगत हसली. सगुणाकाकी तेवढी मान खाली घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवडाबाईच्या वाडीतल्या विहिरीवर धुणं घेऊन गेले. काका बैल हाकत होते, काकी पाटाचं पाणी झाडांना वळवत होती. आमच्याकडचा रहाट म्हणजे चाकावर दोराची माळ आणि माळेला मातीची गाडगी बांधलेली. बैल फिरला की गाडगी खाली जातात, भरून वर येतात, पन्हळीत ओततात.

काकी बोलत होती. "खरं सांगू? तुमाला मोडायलाच पायजे आसतो उपास. मोडला का वर चढाया नको. ती पोफळ कर्र वाजली ना, तवापासनं तुमी भ्यालाव."

 काकांनी बैलाला उगाच एक चाबूक हाणला. बैल बुजला, माळ हिसकली, एक गाडगं विहिरीच्या काठावर आपटून खळ्ळकन फुटलं. काका बैल हाकतच राहिले.

"अवो, गाडगं फुटलं."

"फुटू दे."

"रहाट थांबवा की."

"कशाला? एक फुटलं तर फुटलं, बाकीची हायेत न्हवं? पाणी येतंय. सांजच्याला दुसरं बांधीन."

काकी एकदम पाटातच उभी राहिली. "काय बोललाव? परत बोला."

"काय परत? येड लागलं काय तुला?"

"न्हाय न्हाय, बोला. एक गाडगं फुटलं तर काय करायचं? माळ तोडायची? बाकीची पन फोडायची, सोमवारी नवी बांधू म्हणून?"

काका थांबले. बैल पण थांबला. आणि काकी हसायला लागली, पदर तोंडात कोंबून, पाण्यात उभी राहून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "एक लाडू फुटला काल! येकच! बाकीचे तुमी दगडावर नेऊन फोडलाव!"

मला वाटलं काका आता चिडणार. ते विहिरीच्या काठावर बसले. गाडगं होतं तिथल्या रिकाम्या दोराकडे बघितलं. मग म्हणाले, "सगुणे, आज सोमवार न्हाय."

"न्हाय."

"भाकरी हाय काय?"

"हाय."

"एक वाढ."

बस. एवढंच झालं. रामेश्वराला जाऊन काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्या घरात उपास हा शब्दच नाही. सणाला गोड खाल्लं, तर घरी येऊन सांगायचे, "आज येक गाडगं फुटलं." काकी म्हणायची, "बरं," आणि पुढच्या जेवणाला रोजची एक भाकरी वाढायची. ना ओरडा ना रडारड. रोज संध्याकाळी वाडीतल्या सगळ्यात बुटक्या पोफळीवर थोडं चढायचे, झाड वाजतं का ते ऐकायचे, उतरायचे. लोक हसायचे. एवढा मोठा बाप्या आणि पोराटोरांच्या झाडावर!

दिवाळीच्या सुट्टीत मी आले तेव्हा काका पूर्वीसारखे काटकुळे झाले होते का? छे! पोट होतंच. पण निम्मं गेलेलं. आणि आवडाबाईच्या वाडीत धर्माजी कोयती घेऊन बसलेला, बाईने खरंच बोलावला होता त्याला.

"चढ," बाई म्हणाली. "माझं झाड वाजलं तर उतरायचं आन् परत नाव काढायचं न्हाय."

अर्धा गाव गोळा. काकीने डोळे मिटलेले. काकांनी फास अडकवला आणि निघाले. हळू. दर दोन हातांवर थांबत. मधे एकदा पाय सरकला, खाली आले थोडे, फास धरला, तिथूनच परत वर.  झाड वाकलं. वाजलं नाही. काका शेंड्याला पोचले, घड कापला आणि दोराने सोडला. गाव ओरडला! मग सगळे म्हणायला लागले, "झोका! कोंडाजी, झोका घे!" भिकू तर शिट्ट्या मारत होता.

काकांनी शेजारच्या झाडाकडे पाहिलं. किती वर्षांनी पाहत असतील ते तिथून! मला वाटलं आता घेणार, नक्की घेणार. आणि ते खाली उतरायला लागले.

 काका जमिनीवर आले, धापा टाकत, फास काढला, शेजारच्या पोफळीजवळ गेले आणि बुंध्याला परत अडकवला.

भिकू म्हणाला, "अरे, आसा येक येक चढून उतरलास तर शिमगा येईल!"

"येऊ दे," काका म्हणाले. "शिमग्याला पन सुपारी खातात."

मी झोके घेणारे काका ऐकलेत, पण मला आयुष्यात कधी असं भरून आलं नाही जसं त्यांना खाली उतरताना बघून आलं. गावासमोर! सगळे वर बघत असताना! एवढं धैर्य कुठून येतं माणसात?

आवडाबाई वर बघत होती. काका दुसऱ्या झाडाच्या शेंड्याला पोचले. झाड वाजलं नाही. बाई धर्माजीला म्हणाली, "तू च्या पिऊन जा बाबा." आणि मग खालून हाक मारली, "कोंडाजी, पलीकडची ओळ उद्या घे, घाई न्हाय."

 वरून घड तेवढा खाली आला, दोराला लटकत, अलगद.