आत्याबाईंना आडवंच जायचं होतं

हैदराबादच्या सुलतान बाजारात आमचं देऊळ आहे, पण ते सापडायला श्रद्धा लागते. समोर साड्यांची दुकानं, वर मेट्रो, आणि फाटकाला टेकून इतके ऑटो की गेल्या नाताळात पाळकसाहेब एका ऑटोत डावीकडून शिरले, उजवीकडून उतरले, असे करत तिसऱ्या ऑटोतून फाटकात पोहोचले. आत आलात की मात्र ऐसपैस आवार आणि मधोमध दगडी देऊळ. भिंती एवढ्या जाड की बाहेरून बोनालू सणाची मिरवणूक ढोल बडवत जाते आणि आत तान्हं पोर कूसही बदलत नाही.

आम्ही मराठी ख्रिस्ती. आजे-पणजे जालना-अंबडकडून आले, ते इथलेच झाले. आमच्या पोरांना मराठी वाचता येत नाही, पण गीतं तोंडपाठ. त्यांनी वरचा सूर लावला की पलीकडच्या दुकानातल्या बांगड्या आपणहून गिऱ्हाइकाच्या मनगटात चढतात.

दोन पावसाळ्यांपूर्वी छप्पर गळू लागलं आणि गुळाला मुंगळा यावा तसा बिल्डर आला. सोबत इमारतीचा रंगीत नमुना. जुनं सगळं पाडायचं, खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, आणि सगळ्यात वर, पाचव्या मजल्यावर, नवं कोरं देऊळ. काचेच्या भिंती, एसी, बाकांना गाद्या.

"पंचसाब," तो मला म्हणाला, "खुदा के और नजदीक जाते ना आप लोगां!"

पंच कमिटीने माना अशा डोलावल्या की पंखा बंद करावा लागला. माझी मान सगळ्यांत पुढे. एसी कुणाला नको?

तेवढ्यात मागच्या बाकावरून काठी आपटली. माझी सख्खी आत्या. अख्खी मंडळी तिला आत्याबाईच म्हणते. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. अर्ध्या हैदराबादला तिने सुई टोचली आहे आणि उरलेलं अर्धं तिच्या धाकाने आजारीच पडत नाही.

"पाचव्या मजल्यावर मला नेणार कसं?" तिने विचारलं. आत्या मराठीत बोलते, बिल्डर दखनीत. आमच्या गावात यालाच गप्पा म्हणतात.

"अम्मा, लिफ्ट है ना! बटन दबाए, पहुंच गए."

"जिवंतपणी नव्हे रे बाबा. मेल्यावर."

आमच्यात माणूस गेलं की पेटी आधी देवळात येते. वेदीसमोर ठेवतात, गीतं होतात, प्रार्थना होते, मग खांदेकरी तिला मधल्या वाटेने उचलून रस्त्यावर आणतात. आत्याचे आईवडील, माझे काका, सगळे त्याच वाटेने गेले. आत्याने तेवढं एकच मागणं देवाकडे ठेवलं होतं. बाकीचं सगळं तिने त्याला सांगून करवून घेतलं होतं.

"पेटी खडी करके लाते अम्मा," बिल्डर म्हणाला. "थोडी देर का काम."

"उभी?" आत्या म्हणाली. "जन्मभर वॉर्डात उभीच होते. मेल्यावरही उभीच?"

"तो फिर पीछे से सामान की लिफ्ट है. बडी है. कचरा भी उसी में जाता, साफ करवा देते ना."

"बरं," आत्या म्हणाली. या 'बरं'नंतर सुई येते, हे मला लहानपणापासून ठाऊक. "तुझी पलीकडे बिल्डिंग आहे ना? तिथे सामानाची लिफ्ट अशीच असेल. नेऊन बघू या."

पेटी आमच्यातल्याच सुताराकडून आणली. पण रिकामी पेटी नेऊन काय कळणार? आत वजन हवं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही मला पाहिलेलं नाही म्हणून सांगतो, मी काट्यावर उभा राहिलो की काटा माफी मागतो.

शनिवारी भर दुपारी निघालो. आत्या पुढे, छत्री उघडून. मी पेटीत, खांदेकऱ्यांच्या खांद्यावर, झाकण उघडं. मागे पोरं, त्यांना गप्प चालता येत नाही म्हणून त्यांनी गीत धरलं. सुलतान बाजारात गर्दी स्वतःहून बाजूला झाल्याचा हा एकमेव प्रसंग. एका बाईने माझ्यावर फुलं टाकली. मी शिंकलो, तेव्हा ती साड्यांच्या दुकानात शिरली आणि भीतीने चार साड्या घेऊन बाहेर आली.

लिफ्टमध्ये पेटी आडवी मावेना. तिरकी केली, मावेना. शेवटी उभी केली आणि मी इडलीच्या पिठासारखा तळाशी जाऊन बसलो. लिफ्ट वर निघाली. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं. मोबाईलची कव्हरं विकणारा एक दुकानदार चहाचे ग्लास घेऊन समोर उभा. मी पेटीतूनच अदबीने म्हणालो, "सलाम. ऊपर जाना है क्या?"

ते ग्लास, माझ्या हिशेबाने, अजून खाली पडतायत. तो माणूस मात्र त्यांच्या आधी तळमजल्यावर पोहोचला होता.

आम्ही खाली आलो तोवर दुकानदारांनी बिल्डरला घेरलं होतं.

"ये रोज होता क्या इधर?"

"नै जी, यहाँ का नहीं. नई बिल्डिंग का."

"नई का? अरे, वहाँ तो मैं दुकान बुक करा!" एकजण किंचाळला. "गिराक के सामने से जनाजा जाता?"

बिल्डरने आत्याकडे वळून हात जोडले. "अम्मा, आप लोगां में... कितने होते ऐसे?"

आत्याने सुस्कारा सोडला. "मंडळी म्हातारी झालीय रे बाबा. कुणाचा काय भरवसा!"

आता आमची म्हातारी माणसं म्हणजे भलती चिवट. पाळक बदलून जातात, ती हलत नाहीत. पण हे तिथे सांगायची काय गरज होती?

पुढच्याच आठवड्यात बिल्डर उस्मानिया बिस्किटं घेऊन आत्याच्या घरी. नमुना नवा. देऊळ जसंच्या तसं, जमिनीवर, दार रस्त्याला. छप्पर तो दुरुस्त करून देणार. बिल्डिंग मागच्या मोकळ्या जागेत, तिचं दार पलीकडच्या गल्लीत, म्हणजे त्याच्या गिऱ्हाइकांना आम्ही दिसायला नको.

"जागा मंडळीच्याच नावावर राहील," आत्या बिस्किट बुडवत म्हणाली. "दुकानं भाड्याने. आणि देवळाचं दार दुपारी उघडं. साड्यांच्या दुकानातल्या पोरी आमच्या बाकांवर डबे खातात. त्या काय पाचव्या मजल्यावर येणार होत्या?"

"हौ अम्मा."

तसंच झालं. शहरातली दुसरी देवळं आता आमच्याकडे सल्ला विचारायला येतात. आम्ही त्यांना सांगतो, नकाशा पुढे आला की आधी पेटी घेऊन फिरा. वकील नंतर बघता येईल.

छप्पर पक्कं झालं. गेल्या रविवारी उपासनेनंतर आत्याने मला मधल्या वाटेवर थांबवलं. बाकांकडे, दाराकडे, बाहेरच्या उन्हाकडे नीट बघून घेतलं.

"तुला उचललं तेव्हा मी सगळ्यांना पाहिलं," ती म्हणाली. "पुढच्या डाव्याचा गुडघा गेलाय. त्याला बदल."

"बदलतो आत्या. कधीपर्यंत?"

"माझं काही ठरलेलं नाही अजून," आत्या म्हणाली. "तू बदलून ठेव."