टॉकीजच्या रंगमंचावर माझ्या अंगात आलेली देवी

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो बिचारा जन्मभर माझ्या अंगातल्या देवीला हात जोडत राहिला. मग तुम्हालाच काऊन सांगते? माहीत नाही, बाप्पा—पण सांगते.

गोंदियातलं आमचं थिएटर आधी धानाचं गोदाम होतं. मालक शेठच्या आजोबांनी त्यात रंगमंच बांधला, मग पडदा टांगून टॉकीज केली. तरी दिवाळीनंतर मंडईची जत्रा लागली की सिनेमा बंद, आणि आमची झाडीपट्टीची नाटकं सुरू! मी नायिका होते. माझ्या एंट्रीला अशा शिट्ट्या पडायच्या की वरचे पत्रे थरथरायचे. पुढे टॉकीज बंद पडली. शेठनं ती पाडून दुकानं काढायचं ठरवलं, आणि एका सकाळी त्याच्यासोबत मजूर सब्बली-पहारी घेऊन आत शिरले.

मी हातापाया पडले. ऐकतो कोण? मग—कसं सांगू—मी रंगमंचावर चढले, केस मोकळे सोडले आणि घुमायला लागले. देवी आली! मजुरांच्या हातातल्या सब्बली गळून पडल्या. शेठ तर माझ्या पायाशी आडवाच झाला—"माता, गलती हो गई!" असा प्रयोग मी जन्मात दुसरा केला नाही. अंगात काही आलं नव्हतं. मीच होते, नुसती मी. आणि मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

थिएटर वाचलं! आज नवे पत्रे आहेत, नव्या खुर्च्या आहेत. काल मंडईचं नाटक होतं, पार आमच्या इकडच्या गोरेगावकडून लोक आले, उभं राहायला जागा नव्हती. माझी छाती अशी फुगली—अजून फुगलेलीच आहे.

पण त्या सकाळी, रंगात येऊन, मी समोरच्या मजुरावर बोट रोखलं होतं. मंसाराम त्याचं नाव. "तुह्या घराले सोडणार नाही मी!" म्हणाले. काय गरज होती? सगळे तर आधीच घाबरले होते. पण टाळीची सवय वाईट.

पुढल्या वर्षी त्याचं लहान पोरगं झाडावरून पडलं, पाय मोडला. मंसारामनं त्याला दवाखान्यात नेलं नाही—माझ्या दारात आणलं. "माय, आता तरी माफ कर." तेव्हा तरी खरं बोलायचं ना? पण खरं बोलले तर शेठ पुन्हा मजूर घेऊन येईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी पोराच्या पायाला अंगारा लावला. "जा, बरा होईल," म्हणाले. देवीनं सांगितलं म्हणून तो घरीच थांबला. शेवटी डॉक्टरकडे गेले, तोवर हाड वाकडं जुळलं होतं.

काल पडदा उघडायच्या आधी तो पोरगा—आता चांगला गडी झाला आहे—लंगडत रंगमंचावर आला. माझ्या पायाशी नारळ फोडला, वाकला आणि म्हणाला, "माय, तुह्याच कृपेनं चालून राहिलो मी."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.