काकांचा तारा आणि काकूंची चिंच

सोन्याचा एवढा नाद आणि सोन्याच्या भावाशी एवढं कमी देणंघेणं असलेला माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा सापडणार नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे! आमचे नेपरव्हिलचे घरमालक काका. मास्टर्स करताना मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचे. काका रिटायर्ड रेडिओलॉजिस्ट. आयुष्यभर लोकांच्या हाडांतल्या चिरा शोधल्या आणि हाडं संपल्यावर दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांवरच्या शोधायला लागले.

हे प्रकरण काय आहे ते मला पहिल्याच दिवशी, बॅगा खाली ठेवायच्या आत सांगण्यात आलं. त्या काळी नाणी पाडायचे पोलादी ठसे हाताने बनवायचे. त्यामुळे वर्ष तेच, किंमत तीच, पण एका ठशात तारा इकडे, दुसऱ्यात तिकडे. ठसा वापरून वापरून तडकला की ती चीर थेट नाण्यावर उमटायची. लोक नाणं बघतात, काका चीर बघायचे. जुन्या एक्स-रेच्या लाइटबॉक्ससमोर मला बसवून नाण्यांचे फोटो दाखवायचे. "हा पेशंट बघ. वरून ठणठणीत, पण हनुवटीखाली हेअरलाइन फ्रॅक्चर. आता थोडीच नाणी पाडेल, मग गेला बिचारा." आणि यार, खरंच डोळे पुसायचे! पोलादाच्या तुकड्यासाठी!

ही नजर घरात कुठेही चालायची. माझ्या गाडीच्या काचेवरची चीर बघून म्हणाले, "थंडीत वाढलीय, आधी इथेच थांबली होती." दिवाळीत दोन चकल्या शेजारी ठेवून काकूंना विचारलं, "अगं, सोऱ्याची चकती मध्येच बदललीस?"

"मोडली म्हणून बदलली. गप खा."

"बघ!" काका माझ्याकडे वळून, एकदम खूश. "सेम टांकसाळ, वेगळा ठसा!"

फोटो ढीगभर, पण स्वतःचं नाणं एकच. पाच डॉलरचं. त्यावर लिबर्टी या शब्दाच्या शेवटच्या अक्षराला एक तारा चिकटलेला, आणि ताऱ्यातून निघालेली केसाएवढी चीर. भिंग लावून रोज त्या ताऱ्याचं दर्शन. त्यांचं एकच स्वप्न होतं: नाणं तज्ज्ञांकडून तपासून, अस्सल असल्याचा शिक्का घेऊन, कॉइन क्लबच्या प्रदर्शनात स्वतःच्या नावाने मांडायचं. शेवटी धीर करून त्यांनी ते तपासायला पाठवलं. मग काय, भर बर्फात दिवसातून कितीदा तरी मेलबॉक्स!

आलं एकदाचं. प्लास्टिकच्या सीलबंद डबीत. ठसा बरोबर, तारा बरोबर, चीर बरोबर. आणि खाली एक शब्द: 'क्लीन्ड'. म्हणजे कुणीतरी घासलेलं. नाणी जमवणाऱ्यांच्या जगात याच्याएवढा कलंक नाही. अंगावरची जुनी झळाळी एकदा गेली की परत येत नाही.

काका जेवायच्या टेबलावर भिंग घेऊन बसले. "सगळीकडे बारीक चरे! कुठल्या गाढवाने हे..."

काकू पोळी वाढता वाढता थांबल्या. "मी. दर लक्ष्मीपूजनाला. चिंच आणि जुना टूथब्रश."

मी घास तसाच धरून बसले.

"अगं, पण का?"

"लक्ष्मीला काय पारोशी बसवू चौरंगावर?" काकूंचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "आणि इतकी वर्षं घासतेय मी. तुम्हाला आज दिसलं? एका ताऱ्याच्या बाहेर कधी बघितलंत का हो?"

काकांनी भिंग खाली ठेवलं. प्रदर्शनाला गेले, पण प्रेक्षक म्हणून. डबी ड्रॉवरमध्ये गेली, आणि पुढचे कित्येक महिने मला एकही पेशंट दाखवला नाही त्यांनी. घर इतकं शांत की मला बेसमेंटमध्ये अभ्यास सुचेना.

पुढच्या दिवाळीला काकूंनी चौरंगावर पंचवीस सेंटचं साधं नाणं, क्वार्टर, ठेवलं. नवंकोरं. मी उदबत्ती लावत होते, तेवढ्यात गराजमधून कटकन आवाज. काका आले, एका हातात पक्कड, दुसऱ्यात नाणं. डबी फोडली होती!

"घे. आंघोळ घाल हिला."

"अहो, पण..."

"घाल गं. फक्त घासू नको, टिपून घे."

काकूंनी टिपलं. काका चष्मा कपाळावर चढवून बघत होते. नाण्याकडे नाही. काकूंच्या हातांकडे. आणि हळूच म्हणाले, "हा अंगठा कधीपासून असा सुजतोय?"

आता मी दूर, बेलव्ह्यू शहरात नोकरी करते. या दिवाळीला काकूंनी पूजेचा फोटो पाठवला. झूम करून करून तारा शोधला, पण नाही दिसला. बरोब्बर त्याच्यावर कुंकवाचं बोट टेकलेलं. काकूंच्या अंगठ्याला आता पट्टा आहे म्हणे, त्यामुळे हल्ली पूजा काकाच करतात.