गडहिंग्लजची भाची

आमची कंपनी म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन सेवा द्यायची. मी नर्स म्हणून लागले तेव्हा आम्ही पाचजणी होतो आणि ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. प्रशिक्षणात पहिली गोष्ट शिकवली ती ही, की पेशंटला मावशी, आजी म्हणायचं नाही. मॅडम म्हणायचं.

माझी पहिली पेशंट कोल्हापुरात राजारामपुरीत एकटी राहायची. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. पुण्यातल्या मुलानं आमच्याकडं नाव नोंदवलं होतं. मी बीपीचं मशीन घेऊन गेले, तर शेजारच्या काकू आधीच येऊन बसलेल्या.

"ही कोण म्हणायची?" काकूंनी विचारलं.

"भाची की माझी. गडहिंग्लजच्या बहिणीची पोरगी. आलीया माझं बघायला," बाई म्हणाल्या. आदल्या दिवशी फोनवर मी गाव सांगितलं होतं, ते त्यांनी लगेच कामाला लावलं.

काकू गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "पोरानं पगारी बाई ठेवली असं गल्लीत झालं, तर मी तोंड कुठं दाखवू? आजपासनं मावशी म्हणायचं."

मी बीपी बघितला. वाढलेला होता. म्हटलं, "बरं, मावशी."

नर्सचं काम तासाभरात संपतं. भाचीला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. काकूंनी माझ्यासाठी स्थळ आणलं, कागलच्या एमआयडीसीत कायम झालेला मुलगा. मावशींनी तो बुटका आहे म्हणून परस्पर नकार कळवला. मला कुणी विचारलं नाही. मुलगाही मी बघितला नव्हता.

कंपनी वाढत गेली. इचलकरंजीत शाखा निघाली आणि आम्हाला युनिफॉर्म आला. आकाशी रंगाचा, पाठीवर हाताएवढ्या अक्षरांत कंपनीचं नाव. तो घालून गेले त्या दिवशी काकू गेटातच होत्या. त्यांनी मला वळायला लावून पाठ वाचली.

"लागली की नोकरीला!" मावशी आतून ओरडल्या. "मीच म्हटलं, माझं करतीस तसं चार लोकांचं कर."

काकूंनी पेढे आणले. मग त्यांनी स्वतःच्या सासूचं नाव आमच्याकडं नोंदवलं, भाची ओळखीची आहे म्हणून. ऑफिसात साहेबांनी सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

त्यानंतर आई दाताच्या डॉक्टरकडं म्हणून कोल्हापूरला आली आणि मी कुठं काम करते ते बघायचंच म्हणाली. रिक्षात मी तिला सगळं सांगून टाकलं. "व्हय?" ती एवढंच म्हणाली. मला वाटलं, आता घरी गेल्यावर ऐकावं लागणार.

काकू तिथं होत्याच. आईनं उंबऱ्यातूनच आवाज चढवला, "अक्का! पाय मोडला तरी सख्ख्या बहिणीला कळवायचं न्हाय व्हय?"

मावशींनी एकदा माझ्याकडं, एकदा आईकडं बघितलं. मग त्याही चढ्या आवाजात म्हणाल्या, "कुणाला कळवू? लग्नात भांडून गेलीस ती आज तोंड दाखवायलीस!"

"भांडण कुणी काढलं? मानाचं लुगडं कुणी परत केलं?"

कुणाचं लग्न, हे दोघींनीही सांगितलं नाही. लुगड्यावरून बराच वेळ जुंपली. शेवटी आईला रडू आलं, मग मावशींना आलं. काकू मधे पडल्या, "झालं गेलं सोडा आता," म्हणून दोघींचे हात एकमेकींच्या हातात दिले आणि स्वतःही रडल्या. मी चहा टाकला.

चहा पिऊन काकू गेल्या. आईनं पदरानं डोळे पुसले, खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, "तुमचं माहेर कुठलं वो?"

"पन्हाळ्याकडलं," मावशी म्हणाल्या. "चार भाऊ. बहीण न्हाय मला."

"मग रडलासा कशाला?"

"तुमी कशाला रडलासा?"

आईनं मावशींच्या कपातला उरलेला चहा बशीत ओतून त्यांच्या हातात दिला. मग म्हणाली, "निघतो मी. गाडी चुकंल."

मावशी पुढं वॉकर सोडून काठीवर आल्या. मुलानं आमची सेवा बंद केली आणि कंपनीनं मला दुसरे पेशंट दिले. आई आणि मावशी मात्र फोनवर बोलत राहिल्या. आईच्या तब्येतीची बातमी मला आधी मावशींकडून कळायची. गेल्या वर्षी चैत्रयात्रेची गर्दी ओसरल्यावर दोघी जोतिबाला गेल्या, काकूंना घेऊन. मला सुट्टी मिळाली नाही. तिघींनीही माझ्यासाठी वेगवेगळा, खोबऱ्याच्या वाट्यांचा प्रसाद आणला. पुढं कितीतरी दिवस मी डब्याला खोबऱ्याची चटणी नेत होते.